आधी सांगितलं होतं का?

गोरेगावच्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले त्या सकाळी जैतून आपांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो नावाचा किंवा शिक्षणाचा नव्हता. हजेरीचा पट मिटून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "रात्री काही दिसलं?"

मला वाटलं, वाटेत एखादं जनावर दिसलं का म्हणून विचारतायत. मी सांगितलं, "आम्ही काल दिवसाउजेडीच आलो. हिंगोलीहून, बैलगाडीनं."

"वाटेतलं न्हाई. झोपेतलं विचारून राहिले."

"मला स्वप्नं पडत नाहीत."

"पडतात. तुमी विसरता," त्या म्हणाल्या. मग माझं नाव विचारलं, मग चहा घेतला का विचारलं. मला पहिली-दुसरीच्या मुली देऊन त्या उर्दूच्या तासाला निघून गेल्या. मी मनात म्हटलं, शाळेच्या मुख्य बाईच डोक्यानं जरा हललेल्या दिसतायत.

तेव्हा आमचा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोली परभणी जिल्ह्यात. माझे यजमान गोरेगावात मुलांच्या शाळेत मास्तर होते. माझं माहेर पलीकडचं, वऱ्हाडातलं. तिथं मी सातवी पास झाले होते. मुलींच्या शाळेला मराठी शिकवणारी बाई मिळत नव्हती, म्हणून यांच्या वरिष्ठांनी मलाच विचारलं. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं चिंचेचं झाड, आणि माणसं तीन: जैतून आपा, मी आणि गंगूबाई. गंगूबाई शाळेची दाई. मुलींना घरोघर जाऊन गोळा करून आणणं, पाणी भरणं आणि गावातल्या सगळ्या बातम्या आणणं ही तिची कामं.

आपा तेव्हा पस्तिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, चालणं संथ. बुरखा शाळेच्या दारात उतरवून खुंटीला लावायच्या आणि ओढणीच्या आत, कानावर, एक लाल पेन्सिल खोचायच्या. चहा बशीतूनच प्यायच्या. कपाला तोंड लावलेलं मी कधी पाहिलं नाही. पालीला भयंकर भ्यायच्या. भिंतीवर पाल दिसली की धडा अर्धवट टाकून बाहेर, आणि गंगूबाईनं केरसुणी आपटून "गेली हो आपा" म्हटल्याशिवाय आत नाही. एरवी मात्र त्यांना कशाचंच भय वाटत नसे. पाटलाच्या वाड्यावर जाऊन, त्याच्याच ओसरीवर बसून, "तुमची नात महिनाभर आली न्हाई, काहून?" असं विचारून त्या पोरीला हाताला धरून घेऊन आल्या होत्या.

त्यांच्या वर्गात एक शब्द बंद होता. 'अगदी'. कुणी पोरगी म्हणाली, "आपा, माझी पाटी अगदी नवी होती," की आपा म्हणायच्या, "नवी होती का न्हाई एवढंच सांग. अगदी कशाला?" मला पहिल्यांदा हसू आलं. पुढं त्या शब्दाशी त्यांचं वैर कशामुळं, ते हळूहळू कळलं.

ते कळलं गंगूबाईमुळं. परभणीहून शाळा तपासायला एक तपासणीस बाई आल्या. गोऱ्यापान, पांढरं पातळ नेसलेल्या, डोक्यावर पांढरी छत्री. त्यांनी मुलींना दोन प्रश्न विचारले, शेरा लिहिला आणि त्या गेल्या. त्यांचा टांगा वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच गंगूबाईनं कपाळाला हात लावला. "आपा! मला हे सपान पडलं होतं! पांढरा घोडा शाळेत आला म्हून. अगदी अस्संच!"

आपांनी बशी खाली ठेवली. "आधी सांगितलं होतं का?"

"कुणाला?"

"कुणालाबी."

"आता सांगून राहिले की तुमाला."

"आता न्हाई. बाई यायच्या आधी. कुणाला बोललीस का? नवऱ्याला? सुनेला? विहिरीवर?"

गंगूबाई आठवू लागली. सुनेला सांगितलं असावं, म्हणाली. आपांनी मला सोबत घेतलं आणि मधल्या सुट्टीत थेट गंगूबाईच्या घरी. सून भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आत्याबाईंनी घोड्याचं सांगितलं होतं. पर पांढरा न्हाई, लाल. अन् शाळेत न्हाई, आमच्या परसात. त्यानं वालाचा येल खाल्ला."

"मग पांढरा कधी झाला?" आपांनी परत आल्यावर गंगूबाईला विचारलं. रागानं नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "टांगा बघितला तवा झाला का छत्री बघितली तवा?"

गंगूबाई बिचारी रडकुंडीला आली. "मला काय ठाव आपा? मला तर आता पांढराच दिसून राहिला!"

"तेच," आपा म्हणाल्या. "तू खोटं बोलत न्हाईस. तुला आता पांढराच दिसून राहिला."

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या मला चिंचेखाली बसवून घेऊन बोलल्या. आपणहून बोलल्या, मी विचारलं नव्हतं. त्यांचे मालक जंगल खात्यात नाकेदार होते. घोड्यावर हिंडायचे. लग्नानंतर पाचसहा वर्षांनी, एका भाद्रपदात, पैनगंगा उतरताना घोड्यासकट वाहून गेले. घोडा खाली कुठंतरी निघाला, ते निघाले नाहीत. निरोप आला तेव्हा आपांना आठवलं, की आपण हे पाहिलं होतं. स्वप्नात मालकांचे जोडे दाराशी ठेवलेले, पाण्यानं थबथबलेले, आणि माणूस कुठंच नाही. रडता रडता त्या ते सासूला बोलून गेल्या.

"सासू म्हणाली, तर मग सांगितलं काहून न्हाईस? त्याला जाऊ दिलंस काहून?" आपा चिंचेचा कोवळा पाला तोडून तोंडात टाकत होत्या. "शांताबाई, मला ते बोलणं लागलं. पर त्याच्यापेक्षा दुसरंच लागून राहिलं. मी खरंच आधी पाहिलं होतं का? का निरोप आल्यावर त्या रातीला पाहिलं, अन् मग वाटलं की आधीचं हाय? मी लई आठवून बघितलं. दोन्ही राती माझ्या डोक्यात एकमेकीत शिरल्या. आता कुणी कुराणावर हात ठेवायला लावला, तरी मला सांगता येणार न्हाई."

त्यांना माझ्या सांत्वनाची गरज दिसली नाही. त्या उठल्या, पाला झटकला आणि म्हणाल्या, "म्हणून मी लिहून ठेवते. लोकांचं. म्हणजे कुणाला तरी बराबर सांगता येईल."

जुन्या हजेरीपटांची कोरी पानं शिवून त्यांनी वह्या केल्या होत्या. त्यात रकाने आखलेले. कुणी पाहिलं, काय पाहिलं, सांगितलं तेव्हा साक्षीला कोण होतं. आणि शेवटचा रकाना कोरा. आपा उर्दूत लिहायच्या, साक्ष म्हणून मी मराठीत सही करायची. एकदा लिहिलं की त्यात कुणी एक शब्द घालायचा नाही. स्वप्नवाली परत येऊन म्हणाली, "आपा, त्यात एक म्हातारीबी होती, सांगायची राहिली," तर आपा म्हणायच्या, "ती म्हातारी आता आली. तिला नव्या ओळीत घालू." मग वाट बघायची. काही घडलं की वही काढून वाचायचं. बराच काळ काही घडलं नाही, तर त्या कोऱ्या रकान्यात लाल पेन्सिलीनं लिहायच्या, 'न्हाई झालं'. वह्यांमध्ये हे दोन शब्दच जास्त. मी एकदा म्हटलं, "न झालेली कशाला ठेवता? फाडून टाका की." त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, की मी एखाद्या पोरीचं नाव पटावरून खोडायला सांगतेय.

"ती फाडली तर सगळी स्वप्नं खरी ठरतील की," त्या म्हणाल्या.

गावात व्हायचं तेच झालं. बायकांना वाटायचं, आपांना स्वप्नांचा अर्थ कळतो. कुणी साप पाहिला, कुणी दात पडलेला, कुणी मेलेली जाऊ. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेच्या पायरीवर एकदोघी तरी बसलेल्या. आपा निमूट लिहून घ्यायच्या. "अर्थ काय आपा?" म्हटलं की हात जोडायच्या. "अर्थ सांगणारे दुसरे. मी नुसती लिहून घेणारी." बायका हिरमुसून जायच्या आणि पुढच्या बाजाराला परत यायच्या. मला वाटतं, त्यांचं बोलणं मन लावून, मधे न तोडता ऐकणारं दुसरं माणूस त्यांना त्या पायरीखेरीज कुठं भेटत नसावं.

तांड्यावरची झमकू त्यांतलीच. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला एक लमाण तांडा होता. झमकू डिंक आणि मध विकायला यायची. एका पावसाळ्यात ती आली ती टोपली खाली न ठेवताच बोलू लागली. तिनं पाहिलं होतं, की गोठ्यात पाणी भरलंय, बैल मानेपर्यंत पाण्यात उभे आहेत आणि हंबरतायत, आणि दावी काही सुटत नाहीत. आपांनी लिहिलं. मी सही केली. झमकू उठली नाही.

"आपा, जनावरं हलवू का?"

आपांनी वही मिटली. त्यांचा नेम होता, सल्ला द्यायचा नाही. सल्ला दिला तर आपणच त्या स्वप्नात हात घातल्यासारखं होतं, असं त्या म्हणायच्या. पण झमकू समोरून हलत नव्हती. मी आपांकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडातून शेवटी निघालं, "तुझे बैल हायेत. मी काहून न्हाई म्हणू?"

झमकूच्या नवऱ्यानं बैल वरच्या माळावर नेऊन बांधले. आठवडाही झाला नसेल, ओढ्याला असा लोंढा आला की गोठ्याचा कूडसुद्धा राहिला नाही. झमकू गाडगंभर तूप घेऊन आली आणि आपांच्या पाया पडली. आपा इतक्या अवघडल्या की खुंटीवरचा बुरखा काढून अंगावर घेऊ लागल्या. ती गेल्यावर वही उघडून बसल्या त्या बसल्याच.

"झालं लिहू का न्हाई झालं लिहू?"

"अहो, झालंच की आपा. पूर आला!"

"तिनं पूर न्हाई पाहिला. बैल पाण्यात पाहिले. बैल तर माळावर कोरडे उभे होते." लाल पेन्सिल कानावरून काढली, परत खोचली. "अन् हलवले नसते तर झालं असतं. मग हलवले म्हणून खोटं ठरलं, का खरं होतं म्हणून हलवले?"

आम्ही दोघी त्यावर कितीतरी दिवस बोलत होतो. मुली पाटीवर बेरजा करतायत आणि आम्ही खिडकीशी हळू आवाजात बैल पाण्यात होते की नव्हते याचा काथ्याकूट करतोय. एक दिवस आपा आल्या त्या निराळ्याच चेहऱ्यानं. म्हणाल्या, "मी काल ओढ्यावर जाऊन आले. तिचा गोठा होता ती जागा बघितली. शांताबाई, ती जागाच अशी हाय की कुणालाबी भ्या वाटावं. तिनं महिनाभर रोज ते पाणी चढताना बघितलं. दिवसा कामात इचार करायला फुरसत न्हाई. झोपेत केला."

मग म्हणाल्या, "माझे मालक दर पावसाळ्यात ती नदी उतरत होते. मीबी झोपेत तेच केलं असंल. आधी असो का नंतर."

त्या दिवशी त्यांनी पोरींना लवकर सोडलं. मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी.

मला वाटलं, आता वह्या बंद होणार. कोडं सुटलं होतं. पण आपा तशा नव्हत्या. कोडं सुटलं असं वाटलं की त्यांना नवी शंका यायची. "भ्यानं पडणारी कळली. ज्यात भ्या न्हाई, ती?" आणि नेमकी तशी एक मिळाली, तीही माझी. इतकी वर्षं "मला पडत नाहीत" म्हणणारी मी एका सकाळी शाळेत येऊन त्यांना म्हणाले, "आपा, आमच्या अंगणात उंट आला होता. कुंपणावरून मान आत घालून कडुलिंब खात होता." आपांनी गंगूबाईची साक्ष घालून लिहून घेतलं. आमच्याकडं उंट म्हणजे मुलींच्या वाचनमालेतलं चित्र. गोरेगावात उंट कुणी पाहिलेला नव्हता.

चारआठ दिवस गेले असतील. वर्गात कविता चालली होती, तोच माझे सासरे धापा टाकत शाळेत आले. मामंजी शाळेत कधीच येत नसत. "सूनबाई, घरी चल. आपल्या लिंबाला उंट लागलाय!" कुठल्याशा फिरस्त्या लोकांचा काफिला वऱ्हाडातून खाली चालला होता, आणि त्यातला एक उंट आमच्या कुंपणाशी उभा राहून आरामात लिंब ओरबाडत होता. मागं वळून पाहते, तर जैतून आपा पळत येत होत्या. ज्यांना मी कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, त्या बुरखा एका हातानं वर धरून, शाळेतल्या सगळ्या मुली मागं घेऊन, बाजाराच्या रस्त्यानं पळत येत होत्या. उंटासमोर उभ्या राहून त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. उंटानंही त्यांना न्याहाळलं. मग त्या पोट धरून हसत सुटल्या.

शेवटच्या रकान्यात त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'झालं'. त्याखाली जरा विचार करून आणखी एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली: 'उंट. काही उपयोग न्हाई.'

"एवढं बराबर आलं ते कशासाठी आलं?" त्या दिवसभर विचारत होत्या. "कुणाचं भलं न्हाई, बुरं न्हाई. नुसता उंट!" इतकं आनंदी मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मामंजींनी मात्र तेव्हापासून आपांचं नाव आदरानं घ्यायला सुरुवात केली. स्वप्न माझं होतं, पण त्यांच्या लेखी उंट आणला तो आपांनीच.

पुढं दिवस पालटले. इंग्रज गेले, पलीकडं झेंडे लागले, आणि आमच्याकडं अंधार दाटू लागला. यांनी नोकरी सोडली आणि निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कँपात गेले. घरी मी, मामंजी आणि आमचं तीन वर्षांचं लेकरू. गावातली एकेक घरं कुलपं लावून पलीकडच्या रिसोडकडं निघून जात होती. शाळेत मुली येईनाशा झाल्या. आपा आणि मी मात्र रोज जात होतो. रिकाम्या वर्गात दोघी बसायचो. पूर्वीसारखं बोलणं होत नव्हतं. यांची बातमी त्या विचारत नसत आणि त्यांच्या घरी कोण येतं-जातं ते मी विचारत नसे. त्या दिराकडं राहायच्या. दीर, नबीसाहेब, कापसाचे अडते. मऊ बोलणारा, सगळ्यांना लवून सलाम करणारा माणूस. त्यांच्या बैठकीत अलीकडं परगावची माणसं दिसतात, असं गंगूबाई सांगायची.

मला मामंजींनी, शेजाऱ्यांनी, खुद्द यांनी निरोप धाडून सांगितलं होतं, की निघ. मी हट्टानं राहिले होते. घर सोडलं की ते आपलं राहत नाही, असं मला वाटायचं. शिवाय कान नुसत्या अफवांनी भरलेले. रोज कुणीतरी म्हणे, आज निजामाच्या बाजूची टोळी येणार, आणि कुणी येत नसे.

एका दुपारी दाराची कडी वाजली. जैतून आपा. इतक्या वर्षांत त्या आमच्या घरी आल्या त्या उंटाच्या दिवशी आणि बाळाच्या बारशाला. आत आल्या, उंबऱ्याजवळच बसल्या. तोंडावरचा पडदा वर केला तेव्हा ओठ सुकलेले दिसले.

"मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "तुमचं घर. दार आडवं पडलेलं. चुलीपाशी भांडी पालथी. अन् तुमी कुणी न्हाई. मामंजी न्हाई, लेकरू न्हाई. शांताबाई, आज निघा. उद्या न्हाई, आज."

मी इतकी गोंधळले की सवयीनं म्हणाले, "लिहून घेऊ या का? मामंजी साक्ष घालतील."

"लिहायचं न्हाई!" त्या ओरडल्याच. लेकरू दचकून रडू लागलं. आपांनी त्याला जवळ घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी कधी तुमाला कर म्हणून सांगितलं का? आज सांगते. ऐका माझं."

मी मामंजींकडं पाहिलं. स्वप्नाबिप्नावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. पण त्यांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि म्हणाले, "बाई उंटाच्या वेळेस बरोबर निघाली होती. सूनबाई, बांध बोचकं."

दिवस मावळायच्या आत आम्ही गाडीत बसलो. आपा निरोप द्यायला थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रिसोडला पोचलो, तिथून कँपात. तिसऱ्या दिवशी मागून आलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलं. एक टोळी आली होती. आमचं दार मोडलं, सामान नेलं, यांचं नाव घेऊन विचारत होते. कुणी सापडलं नाही म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याला मारलं. त्याचा हात पुन्हा सरळ झाला नाही.

मी कँपात सगळ्यांना जैतून आपांचं स्वप्न सांगितलं. किती वेळा सांगितलं ते मलाही आठवत नाही. काही दिवसांनी पाण्याच्या रांगेत एक अनोळखी बाई मलाच ती गोष्ट सांगू लागली. तिच्या गोष्टीत आपांना एका पांढऱ्या दाढीच्या अवलियानं येऊन आमचं घर दाखवलं होतं, आणि दारावर अगदी तीन घाव घातलेले होते. मी घागर भरून घेतली आणि परतले.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही परतलो. आता कुलपं दुसऱ्यांच्या घरांना होती. नबीसाहेबांची अडत फुटली होती. ती कुणी फोडली ते गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यात कँपातून परतलेली माणसंही होती, आमच्या ओळखीची. नबीसाहेब आधीच हैदराबादेला पळाले होते. आपांच्या वह्या असायच्या ते शाळेचं कपाट उघडं पडलेलं, आत एक कागद नाही. जैतून आपा हिंगोलीला मावसबहिणीकडं आहेत आणि त्यासुद्धा जाणार आहेत, एवढं गंगूबाईकडून कळलं. यांना घेऊन मी हिंगोलीला गेले. घर शोधेपर्यंत त्या स्टेशनला निघाल्या होत्या. स्टेशनाबाहेर कुंभारीण बसली होती, तिच्याकडून मी एक सुरई घेतली. रिकाम्या हातानं कशी भेटू?

आपा फलाटावर ट्रंकेवर बसल्या होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या. हे जरा लांब जाऊन उभे राहिले. मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "आपा, तुम्हाला ते स्वप्न पडलं नसतं तर..."

"पडलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला काही पडलं न्हाई. मी पडद्याआड होते. बैठकीत ती माणसं बोलून राहिली होती. तुमच्या मालकांचं नाव, तुमचं घर, कोणत्या दिवशी ते. सगळं ऐकलं."

"मग तसंच का नाही सांगितलं?"

"तुमी काय केलं असतं? कुणाकडून ऐकलं म्हणून विचारलं असतं. मग मला दिराचं नाव घ्यावं लागलं असतं. दीर माझा भित्रा हाय, शांताबाई. वाईट न्हाई. कुणाला न्हाई म्हणू शकला न्हाई, एवढंच. तुमी ते नाव कँपात नेलं असतं. न्हाई म्हणा बरं."

मला नाही म्हणता आलं नाही.

"स्वप्नाला कुणी विचारत न्हाई, कुणी सांगितलं म्हणून," आपा म्हणाल्या. "अन् नुसतं निघा म्हटलं असतं तर तुमी निघाल्या नसत्या. सगळ्यांनी म्हणून झालं होतं."

खरं सांगायचं तर क्षणभर मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. ते स्वप्न मी कँपभर मिरवलं होतं. मग दिसलं ते दुसरंच. पडद्याआड उभी राहिलेली ही बाई, आणि त्यानंतर भर दुपारी, त्याच माणसांच्या नजरेसमोरून, आमच्या गल्लीपर्यंत चालत आलेली. मी म्हणाले, "आपा, कँपात सगळे तुमच्या स्वप्नाची गोष्ट सांगतात. आता त्यात एक अवलियासुद्धा आलाय."

इतका वेळ कोरडे असलेले त्यांचे डोळे तेव्हा भरले. "तौबा! त्यांना सांगा हो, तसं काही झालं न्हाई म्हणून. सगळ्यांना सांगा. दीर आता हैदराबादेला गेला, आता नावाचं भ्या न्हाई. माझ्या नावावर ते राहायला नको."

मी कबूल केलं. आणि मी सांगितलंही, गावात, माहेरी, जिथं जिथं ती गोष्ट ऐकली तिथं. बायका ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "त्या म्हणणारच तसं. अशी माणसं कबूल करत न्हाईत." शेवटी मी हे लिहायला बसले. आपांची पुढची हकिगत मला ठाऊक नाही. हैदराबादेहून एकदाही पत्र आलं नाही, आणि पत्ता माझ्याजवळ नव्हता.

गाडी आली. जनानी डब्यात ही गर्दी. एका बाईनं बाकावर बिछाना पसरला होता. आपांनी तो तिच्याकडून गुंडाळून घेतला, ट्रंक खाली सरकवली आणि खिडकीपाशी जागा केली. मी नळावर सुरई भरून आत दिली. गाडीनं शिट्टी दिली तोच आतून आरडाओरडा झाला. सुरई कच्ची निघाली होती. तिच्या बुडातून धार लागली होती, आणि बाया आपापली बोचकी उचलत होत्या. आपांनी घाईघाईनं ती खिडकीबाहेर धरली, दोन्ही हातांनी, अंगापासून लांब. गाडी हलली. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या. डब्यातल्या बायांना काहीतरी समजावत होत्या, हात तेवढे बाहेर, आणि पाणी गळत होतं. गाडी पुढं गेली तशी फलाटाच्या फरशीवर ओली रेघ उमटत गेली. मी तिच्या कडेकडेनं फलाट संपेपर्यंत चालत गेले. ऊन होतं, वळून परत यायला लागले, तर मागची रेघ वाळत आली होती.